हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि भरतीची वेळ

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेवरचा लेख वाचला. लेखकाने वाटेचं वर्णन मन लावून केलं आहे. देवळामागच्या पायऱ्या, दोन कड्यांमधून समुद्राकडे उतरणारी चिंचोळी घळ, लाटांनी जाळीसारखा कोरलेला खडक, डबक्यांतले खेकडे आणि समुद्रफुलं, सगळं आलं. पण एवढ्या अर्ध्या पानात भरती-ओहोटीचं नाव नाही! उलट सल्ला असा की पौर्णिमेला जा आणि सकाळी नऊला निघा. हे वाचून माझा संताप झाला, कारण याच सल्ल्यापायी आमच्या घरात काय झालं ते मी पाहिलं आहे.

गेल्या दत्तजयंतीला माझा भाचा पुण्याहून बायको आणि मुलीला घेऊन आला होता. "आज पौर्णिमा आहे, नऊला पाणी चढत असतं, आत्ता जाऊ नका," असं मी बजावलं. भाचेसून म्हणाली, "मावशी, पेपरात नऊच दिलंय." तो पेपर आपला नव्हता, हेही सांगते. पायऱ्या उतरले तेव्हा कड्याखालचा खडक कोरडा होता, म्हणून ते पुढे गेले. वळणाशी पाणी आडवं आलं आणि परत फिरेपर्यंत मागची वाटही बुडाली. भाच्याने पोरीला खांद्यावर घेतलं. नारळ विकणाऱ्या एका मुलाला वरून ते दिसलं. तो धावत खाली गेला आणि कड्याच्या आधाराने एकेकाला बाहेर घेऊन आला. भाचेसुनेचा तळपाय कालवांच्या धारदार कवचांनी फाटला, टाके घालावे लागले. पोर अजूनही पाण्यात पाय घालायला तयार नाही. ते तिघे वाचले. त्या खडकांवरून वाहून गेलेली माणसंही आहेत, आणि त्या बातम्या आपणच छापल्या आहेत.

वेळ काढायला फार शहाणपण लागत नाही. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. पौर्णिमेची तिथी पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. त्या सुमारास, अकरा ते बाराच्या दरम्यान, पूर्ण भरती. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण, त्यामुळे पाणी थेट कड्याच्या पायाला लागतं. आणि भरती काही एकसारखी चढत नाही, मधल्या दोन तासांत तिचा जोर सर्वांत जास्त असतो. आपल्या लेखकाने सांगितलेले नऊ नेमके त्यातच येतात. त्यापेक्षा तृतीया-चतुर्थीला सकाळी सात-साडेसातला निघावं. तेव्हा पाणी ओसरत असतं, आणि तास-दीड तासाची वाट निवांत होते. पावसाळ्यात मात्र तिथी कोणतीही असो, खाली उतरूच नये.

लिहितेच आहे तर आणखी दोन गोष्टी. हरिहरेश्वर हे पेशव्यांचं मूळ गाव नव्हे. १७१३ मध्ये पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ भट आमच्या श्रीवर्धनचे. हरिहरेश्वर हे त्यांचं कुलदैवत. आणि ज्या छायाचित्राखाली 'घार' छापलं आहे, तो पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड आहे. या किनाऱ्यावर तो दिसणं हे भाग्य आहे. त्याचं नाव तरी नीट यायला हवं होतं.

पूर्वी आपल्या अंकात सूर्योदय-सूर्यास्ताच्या चौकटीत भरती-ओहोटीच्या वेळाही असत. आमच्या घरी ती चौकट कापून दारामागे लावली जायची. ती कधी बंद झाली आणि का, हे वाचकांना कोणी सांगितलं नाही. त्या जागी आता राशीभविष्य दुप्पट झालं आहे. किनाऱ्यावर आपला अंक घेणारी एवढी घरं आहेत, मासेमारी करणारी, पर्यटकांची सोय करणारी. त्यांच्यासाठी चार ओळींची जागा काढणं अवघड नाही. ती चौकट पुन्हा सुरू करावी.

पण दुरुस्तीसाठी पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका. येत्या शनिवारी पौर्णिमा आहे आणि सुट्टीही. लेख वाचून निघणारी मंडळी शुक्रवारी रात्रीच गाड्या काढतील. शुक्रवारच्या अंकात, पहिल्या पानावर, भरतीच्या वेळेसह दुरुस्ती यायला हवी.

आपली,
एक जुनी वाचक, श्रीवर्धन