यंदा माझं मत नव्या नावाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी फैजपूरजवळच्या एका गावातला केळी उत्पादक, सत्तरीला आलेला. 1980 पासून लोकसभेचं एकही मतदान चुकवलं नाही. पण मत दिलं ते दर वेळी गावातल्या पुढाऱ्यांनी सांगितलेल्या चिन्हाला. यंदा पहिल्यांदाच स्वतः विचार करून ठरवलं आहे. आमच्या मतदारसंघात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या एका ताईंना मी मत देणार आहे. प्रचाराच्या दिवसांत वर्तमानपत्रात नाव घालणं योग्य वाटत नाही, म्हणून लिहीत नाही.

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी त्या आमच्या पारावर येऊन बसल्या. वय चौतीस-पस्तीस, शिक्षणाने वकील, घरात कुणी राजकारणात नाही. एकाने गटारीचं गाऱ्हाणं मांडलं. आजवरच्या प्रत्येक उमेदवाराने अशा वेळी "करून देऊ" म्हटलेलं आहे. ताई म्हणाल्या, "काका, गटार ग्रामपंचायतीचं काम. त्याचं वचन मी देणार नाही. दिल्लीच्या हातात असलेलं तुमचं दुखणं कोणतं, ते सांगा." पारावर कुणालाच लगेच बोलता येईना. हा प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

मग मी फळपीक विम्याचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी जानेवारीच्या थंडीत माझ्या मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला लावलेल्या केळीची, निसवण (घड बाहेर पडणं) अडकली. निम्मे घड खोडातच राहिले, बाहेर पडले त्यांची केळी बोटाएवढी. व्यापारी बांधावरूनच परत गेला. विम्याचा हप्ता भरलेला होता, पण आमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पारा ठरलेल्या आकड्याखाली ठरलेले दिवस उतरला नाही, म्हणून भरपाई नाही. ते केंद्र उंचावर, माझं रान नदीकाठच्या खोलगटात. गारठा खाली साचतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

ताईंनी वहीत सगळं लिहून घेतलं. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. योजनेचे निकष वाचून काढले होते. हप्त्यात केंद्र सरकारचाही वाटा आहे, त्यामुळे तापमानाची नोंद गावनिहाय का होत नाही हा प्रश्न लोकसभेत तारांकित म्हणून विचारता येतो, तो पुकारला गेला की मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, असं त्यांनी समजावलं. निवडून येण्याआधीच एवढं काम! त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ते आनंदाने.

घरात मात्र एकमत नाही. भाऊ म्हणतो, "अरे भो, पंतप्रधान पाहून मत दे. तुझं मत वाया जाईन." त्याचं म्हणणं मी बरेच दिवस मनात घोळवलं. पण मतदान यंत्रावर पंतप्रधानाचं नाव नसतं. 543 मतदारसंघांतून माणसं जातात आणि त्यांतल्या बहुमताच्या पाठिंब्यावर पंतप्रधान टिकतो. तिथे बसणारी माणसं वहीवाली असली तर नेताही त्यांना विचारून चालेल. माझ्या हातात त्यातली एकच जागा आहे. आणि मनातलं सांगू का, पुढेमागे देश चालवणाऱ्यांत ही मुलगी असावी असं मला फार वाटतं. अनुभव नाही म्हणणाऱ्यांना मी प्रतिभाताई पाटलांची आठवण देतो. 1962 साली जळगावातून विधानसभेवर गेल्या तेव्हा त्या 27 वर्षांच्या होत्या. 2007 मध्ये राष्ट्रपती झाल्या.

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष पंडित नेहरू. माझे वडील तेव्हा चौदा वर्षांचे. पाण्याच्या घागरी वाहायला होते. शेतसारा कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या, अशा मागण्या तिथे ठरावात आल्या. वडील सांगायचे, "दिल्लीवाले आपल्या बांधावर आले होते रे." ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. पारावर त्या दिवशी ते पुन्हा आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

नातवाने मोबाइलवर ताईंचं शपथपत्र काढून दिलं. ते मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. उमेदवारीची 25 हजारांची अनामत त्यांनी लोकांच्या वर्गणीतून भरली. त्यात माझे 500 रुपये आहेत. आमच्या केंद्रावर त्यांचा मतदान प्रतिनिधी म्हणून बसायला कुणी तयार नव्हतं. मी नाव दिलं आहे. सौ. म्हणाली, "दिवसभर बसायचं, तर डबा मी पाठवीन."

आपला,
एक केळी उत्पादक शेतकरी,
ता. यावल, जि. जळगाव