गाडी बुक केली आहे

ती. अण्णा व आईस,
सा. न. वि. वि.

गाडी बुक केली. एर्टिगा, पेट्रोल, पांढरी. फोनवर सांगितलं असतं तर अण्णा ‘इनोव्हा का नाही’वर अडले असते आणि आईने ‘कशाला उगा खर्च’ म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय.

अण्णा, इनोव्हा क्रिस्टा चालवून पाहिली. तिचं 2393 सीसीचं डिझेल इंजिन मांजरसुंब्याचा घाट हसत चढेल, तुमचं खरंय. पण चासीवर बांधलेली उंच गाडी ती. पायरीवर पाय द्यायचा, वरचं हँडल धरायचं, अंग ओढून घ्यायचं. आईच्या उजव्या गुडघ्याला ते झेपेल का? एर्टिगात पाठमोरं सीटवर टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे, बस्स. दिवाळीत मी दिवाणाची उंची टेपने मोजत होते तेव्हा आई म्हणाली, “सोफा करतीस का गं?” सोफा नव्हता आई, तुझा गुडघा मोजत होते.

एर्टिगाचं इंजिन 1462 सीसीचं आहे. सगळे बसले आणि एसी लावला की घाटात गिअर खाली आणावा लागणार, हे आधीच सांगते, मागून बोलू नका. सीएनजीत कंपनी किलोला 26 किलोमीटर सांगते, पेट्रोलमध्ये लिटरला 20. हिशोब मीही केला. पण सीएनजीची टाकी डिकीत बसते, आणि तिसरी रांग उभी असताना डिकी मुळात 209 लिटरचीच. आईचं ज्वारीचं पोतं, डाळीचा डबा, वर लोणच्याची बरणी कुठे ठेवायची, माझ्या डोक्यावर? तिसरी रांग पाडली की सगळं मावतं.

तिसऱ्या रांगेत मी स्वतः बसून आले. गुडघे हनुवटीकडे येतात, आणि खाली मागचं चाक असल्याने खड्डा थेट पाठीत. आपल्याकडचे रस्ते तर काळ्या मातीवरचे. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. तुम्ही दोघं मधल्या रांगेतच. तिथे एसीचा झोत येतो, मे महिन्यात केज ते अंबाजोगाई डोकं तापणार नाही. मागे आम्ही पोरं. नातीला मात्र नाही, तिलाही माझ्यासारखी गाडी लागते. तुळजापूरच्या वाटेवर आई माझ्या नाकाशी लिंबू धरायची आणि अण्णा न विचारता गाडी हळू करायचे. त्या लिंबाचा वास आला की अजून बरं वाटतं मला.

लेकीने घेतली म्हणून संकोच करू नका. जावईबापूंनीच आधी चावी घेऊन पाहिली, आणि दादालाही विचारलंय. काळी-पिवळी म्हणा हवं तर, अण्णा, मी चिडणार नाही.

आता ऐका. जुनी मारुती आठशे विकायची नाही, शेडमध्ये राहू द्या, दिवसा मोंढ्यात न्या. पण मोतीबिंदूनंतर समोरच्या दिव्यांनी तुमच्या डोळ्यांपुढे तारे चमकतात, हे तुम्हीच आईला सांगितलंत आणि आईने मला. रात्री गाडी काढायची नाही. धारूरच्या लग्नालाही नाही. लातूरच्या तपासणीला मीच नेणार. एक्स-रे, जुनी फाईल आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत तयार ठेवा. आई, उपाशी निघायचं नाही, धपाटे बांधून घे, आणि अण्णांना शेंगदाण्याची चटणी बेतानेच, बीपी आहे.

आणि अण्णा, सीटवरचं प्लास्टिक तसंच ठेवायचं नाही. घामाने पाठीला चिकटतं. फ्रिजचं अजून ठेवलंयत, तेवढं पुरे.

तुमची,
ताई