पॅटरसनच्या हनुवटीविषयी

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या पत्रासोबत तू बॉक्सिंगमधल्या हेवीवेट जगज्जेत्यांची तुझी क्रमवारी पाठवलीस आणि फ्लॉइड पॅटरसनला तीत अगदी तळाशी बसवलेस. ‘हात वेगवान, हनुवटी कच्ची’, म्हणजे ठोसा बसला की कोसळणारा, एवढाच शेरा त्याच्या नावापुढे होता. तू स्वतः रिंगमध्ये उतरतोस, त्यामुळे तुझे मत मी सहजासहजी बाजूला सारणार नाही. पण त्या शेऱ्याने माझे समाधान झाले नाही आणि फोनवर हे नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहीत आहे.

तुझ्या म्हणण्यात जे खरे आहे ते आधी मान्य करतो. २६ जून १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने त्याला तिसऱ्या फेरीत सात वेळा खाली पाडले आणि विजेतेपद हिरावून घेतले. त्याआधी १९५७ साली, व्यावसायिक म्हणून पहिलीच लढत खेळणाऱ्या पीट राडेमाकरनेही त्याला एकदा पाडले होते, जरी ती लढत शेवटी पॅटरसननेच जिंकली. सनी लिस्टनसमोर तर तो १९६२ आणि १९६३ अशा दोन्ही वेळी पहिल्याच फेरीत बाद झाला. शिवाय त्याचे गुरू कस डमाटो यांनी विजेतेपदाच्या काळात त्याच्यासमोर फार बेताचे प्रतिस्पर्धी उभे केले, हा आक्षेपही मला योग्य वाटतो.

मात्र वेगवान हात आणि कच्ची हनुवटी अशा दोन नोंदी तू वेगवेगळ्या केल्यास, तिथे माझे तुझ्याशी पटत नाही. लिस्टनशी पहिल्यांदा लढताना पॅटरसनचे वजन सुमारे ८६ किलो होते आणि लिस्टनचे ९७. लिस्टनच्या हातांचा पल्ला १३ इंचांनी जास्त होता. आजच्या वजनगटांत पॅटरसन हेवीवेटमध्ये धरलाच गेला नसता. एवढ्या अंतराच्या माणसापर्यंत पोहोचायचे तर दोन्ही ग्लोव्हज गालांना चिकटवून खाली वाकत आत शिरायचे आणि तिथून अक्षरशः उडी घेऊन डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, मारायचा, हाच त्याचा मार्ग होता. त्या उडीत पाय जमिनीवर नसत. ठोसा लागला तर समोरचा कोसळे. चुकला तर हा तोल गेलेल्या अवस्थेत, हनुवटी उघडी ठेवून, प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात सापडे. त्याचे सामर्थ्य आणि त्याचे पडणे हे एकाच उडीतून येत होते. उडी काढून टाकली असती तर तो कदाचित कमी वेळा पडला असता, पण जगज्जेताही झाला नसता.

मनाचेही तसेच होते. लहानपणी स्वतःच्या फोटोवर फुल्या मारून ‘हा मुलगा मला आवडत नाही’ असे आईला सांगणारा, ब्रुकलिनच्या गरीब वस्तीतून सुधारशाळेत पाठवलेला हा मुलगा १९५२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, हेलसिंकीला ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकतो आणि १९५६ साली आर्ची मूरला हरवून एकविसाव्या वर्षी जगज्जेता होतो. माइक टायसन येईपर्यंत इतका तरुण हेवीवेट विजेता दुसरा झाला नाही. तरीही स्वतःविषयीची ती लाज त्याला सोडून गेली नाही. लिस्टनकडून हरल्यावर ओळखू येऊ नये म्हणून तो खोटी दाढी-मिशी लावून शिकागोहून निघून गेला. अशा माणसाला कोणी भित्रा म्हणाले की मला वाईट वाटते, कारण डमाटोंचा विरोध डावलून, लिस्टनला संधी दिल्याशिवाय आपण खरे विजेते नाही असे म्हणत ती लढत स्वीकारणारा तोच होता.

आता २० जून १९६० ची लढत घे. कॉर्बेट, जेफ्रीज, डेम्प्सी, जो लुई यांच्यासारख्यांनीही गमावलेले किंवा सोडलेले हेवीवेट विजेतेपद परत मिळवण्याचा प्रयत्न केला होता आणि एकालाही ते जमले नव्हते. पॅटरसनने वर्षभरापूर्वी ज्याने सात वेळा पाडले त्याच योहान्सनला पाचव्या फेरीत त्याच डाव्या हुकने झोपवले. योहान्सन बेशुद्ध पडला होता आणि त्याचा पाय थरथरत होता. ते पाहून जल्लोष अर्धवट सोडून पॅटरसन त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला. पुढे दोघे मित्र झाले. ही चित्रफीत तू पाहिली नसशील तर पाहा. हुक कसा बसला हे तू पाहशीलच, पण त्यानंतरचे काही क्षणही सोडू नकोस.

लिस्टनने दुसऱ्यांदा हरवले तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि सगळ्यांनी त्याला निकालात काढले होते. त्यानंतर तो नऊ वर्षे लढला. १९६५ साली त्याने जॉर्ज शुव्हॅलोसारख्या दणकट माणसाला गुणांवर हरवले, आणि १९६८ साली स्टॉकहोममध्ये जिमी एलिसविरुद्ध तो हरल्याचा निकाल अनेकांना आजही मान्य नाही. त्याची एक चूक मात्र मी झाकणार नाही. १९६३ साली नागरी हक्कांच्या लढ्याला पाठिंबा द्यायला बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनबरोबर अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला गेलेला हा माणूस, कॅशियस क्ले हे नाव सोडून मुहम्मद अली झालेल्या बॉक्सरला त्या नव्या नावाने हाक मारायला तयार नव्हता. ते त्याला शोभले नाही.

लुई, मार्सियानो, अली यांच्या पंक्तीत मी त्याला बसवणार नाही, आणि लिस्टन त्याच्याहून वरचढ होता हेही निर्विवाद आहे. पण तळाशी तो खचितच नाही.

एक गोष्ट उरली, आणि खरे सांगायचे तर पत्र लिहायला बसलो ते तिच्यामुळेच. १९९८ साली पॅटरसन न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडा आयोगाचा अध्यक्ष असताना एका खटल्यात त्याची साक्ष झाली, आणि ज्याला हरवून आपण जगज्जेता झालो त्याचे नाव त्याला आठवले नाही. त्याने पद सोडले. २००६ साली तो गेला तेव्हा त्याला अल्झायमर होता. त्यात ठोशांचा वाटा किती, हे कोणी मोजून सांगणार नाही. १९५९ च्या त्या फेरीत तो पुन्हा पुन्हा उभा राहिला याचे मी वर्षानुवर्षे कौतुक करत आलो. हल्ली मात्र तेच दृश्य पाहताना पंचांनी ती लढत तिसऱ्या-चौथ्या वेळीच का थांबवली नाही, असे मनात येते.

मागच्या महिन्यात सरावात डोक्याला ठोसा बसल्यावर दोन दिवस गरगरत होते, हे तू बोलता बोलता सांगितलेस आणि लगेच विषय बदललास. क्रमवारी पुन्हा लिहिलीस तर जरूर पाठव. पण त्याआधी डॉक्टरांकडे जाऊन ये, आणि ते काय म्हणाले ते काहीही न वगळता मला कळव.

तुझे,
बाबा