संगणक बंद पडायची वाट कशाला?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, त्यामुळे लहान संस्थांमधले कितीतरी जुने संगणक त्यात बसत नाहीत. तरीही खरेदीचा विषय निघतो तो यंत्र बंद पडल्यावरच. मी संचालक असलेल्या पतसंस्थेत ऐन मार्चअखेर हार्ड डिस्क गेली. बॅकअप होता, पण तीन आठवड्यांपूर्वीचा! ठेवीदार पासबुक घेऊन ताटकळले आणि कर्मचारी रात्री उशिरापर्यंत पावत्यांवरून नोंदी भरत बसले. त्यांचे चेहरे मला विसरता येत नाहीत.

सगळे संगणक एकदम बदलणे कुणालाच परवडत नाही. पण प्रत्येकाचे खरेदीचे वर्ष नोंदवहीत लिहून दरवर्षी पाचवा हिस्सा बदलता येतो. त्याची तरतूद अंदाजपत्रकातच हवी. जुने यंत्र भंगारवाल्याला देणे तर फारच धोक्याचे, कारण डिस्कवर सभासदांचे आधार आणि पॅन क्रमांक असतात. डिस्क पूर्ण पुसून ते नोंदणीकृत ई-कचरा केंद्रालाच द्यावे. सहकार खात्याने लेखापरीक्षणात ही नोंदवहीही तपासावी, अशी विनंती आहे.

– एक पतसंस्था संचालक, सांगली