आकडे वाढले, भीती ओसरली

महोदय,

जपानी ॲनिमे मालिकांची ओळख करून देताना नव्या पर्वातील खलनायक ‘आजवरचा सर्वांत शक्तिशाली’ असल्याचे आवर्जून सांगितले जाते. जणू तीच त्या मालिकेच्या दर्जाची खूण आहे! ‘ड्रॅगन बॉल’ शाळकरी वयापासून पाहत आलेला आणि पुढे तिची मूळ चित्रकथा वाचलेला वाचक म्हणून मला ही कसोटी मुळातच चुकीची वाटते.

अकिरा तोरियामा यांची ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात जपानमधील एका साप्ताहिकातून प्रसिद्ध होत होती. तिच्यात परग्रहावरून आलेला राडिट्झ डोळ्यावरच्या यंत्राने समोरच्याची ताकद मोजतो. बंदूक रोखून उभ्या असलेल्या शेतकऱ्याची ताकद भरते अवघी ५. पुढे व्हेजिटा या दुसऱ्या खलनायकाच्या यंत्रावर कथानायक गोकूचा आकडा ८ हजारांच्या वर जातो आणि व्हेजिटा संतापून ते यंत्र मुठीत चिरडतो. त्यानंतरचा खलनायक फ्रीझा आपली ताकद ५ लाख ३० हजार असल्याचे स्वतःच सांगतो, आणि तीही पहिल्याच रूपातली. यानंतर मात्र आकडे सांगणे जवळजवळ बंदच झाले, कारण लाखांच्या पुढे कोटी आले काय नि अब्ज आले काय, वाचकाच्या मनावर त्याचा काही परिणाम होणार नव्हता.

दर आठवड्याला वाचकांना धरून ठेवायचे, तर कालच्यापेक्षा मोठे संकट उभे करावे लागते, हे मी समजू शकतो. पण त्याची किंमत कोण मोजते, हे पाहायला हवे. व्हेजिटा महाकाय वानर होऊन गोकूला मुठीत आवळत असतो, गोकूचा मित्र क्रिलिनचा वार हुकलेला असतो, आणि अशा वेळी एरवी जीव वाचवून दडून बसणारा याजिरोबे मागून चोरपावलांनी येऊन साध्या तलवारीने व्हेजिटाची शेपटी छाटतो आणि त्याचे वानररूप संपते. तो प्रसंग आजही पाहताना छातीत धडधडते, कारण तिथे कोणाचाही हात उपयोगी पडू शकतो. सेल या खलनायकाच्या पर्वातही गोकूचा जुना सोबती तिएन स्वतःचे आयुष्य पणाला लावून वरून एकामागून एक मारा करत सेलला खड्ड्यात दाबून धरतो. आपण त्याला मारू शकणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. सेल ज्यांच्या मागे लागला आहे त्या दोघांना निसटायला थोडा वेळ मिळावा, एवढ्यासाठीच तो अंगातली ताकद संपवतो. माझ्या मते, माणसाच्या बळाला या कथेत एवढे मोल पुन्हा क्वचितच आले. पुढे तिएन, यामचा यांच्यासारखे जुने सोबती बहुतेक वेळ दुरून पाहत राहतात, आणि मेलेल्यांना ड्रॅगन बॉल, म्हणजे इच्छा पूर्ण करणारे जादूचे गोळे, परत आणणारच, हे ठाऊक असल्याने संहाराचाही धाक उरत नाही.

आपल्या पुराणातला हिरण्यकश्यपू भीतिदायक वाटतो तो त्याच्या बळाच्या मापामुळे नव्हे, तर त्याच्या वराच्या गाठीमुळे: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही. ही गाठ सुटणार कशी, याची उत्कंठा ऐकणाऱ्याला लागून राहते. आणखी मोठा राक्षस आणून ती निर्माण होत नाही.

तोरियामा यांच्यावर मात्र अन्याय नको. बू या खलनायकाशी झालेल्या अखेरच्या लढाईत गोकू आणि आता त्याच्या बाजूने लढणारा व्हेजिटा पृथ्वीवरच्या लोकांकडे बळ मागतात, तेव्हा लोक दाद देत नाहीत. ज्याला सगळे जगज्जेता समजतात, तो बढाईखोर मिस्टर सेटन हाक देतो, तेव्हा कुठे सर्वसामान्य माणसांचे हात वर जातात आणि बूचा अंत होतो. मालिकांचा परिचय लिहिणाऱ्यांनी नव्या खलनायकाच्या ताकदीबरोबर एवढेही सांगावे, ही विनंती: त्याच्यासमोर ५ ताकदीच्या त्या शेतकऱ्याला करण्यासारखे काही उरले आहे का?

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे