युएफा वेगळी, लीगवाले वेगळे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरचा फुटबॉलच्या वाढत्या सामन्यांवरचा लेख वाचला आणि चहा गार झाला. आपल्या लेखकांनी 'युरोपियन लीग्ज'ला आधी युएफाची, म्हणजे युरोपात फुटबॉल चालवणाऱ्या महासंघाची, उपसमिती केलं आणि पुढच्याच परिच्छेदात सुपर लीगवाल्यांच्या, म्हणजे युएफाला डावलून स्वतःची वेगळी स्पर्धा काढायला निघालेल्या बड्या क्लबांच्या, पंगतीला नेऊन बसवलं. एकाच लेखात दोन्ही जमवायला कसब लागतं, मान्य. दोघांच्या कचेऱ्या स्वित्झर्लंडात एकाच गावी आहेत म्हणून घोळ झाला असेल, तर मग मंत्रालयासमोरचे उपोषणकर्तेही सरकारीच म्हणायचे का?

'युरोपियन लीग्ज' ही तीसहून जास्त देशांतल्या व्यावसायिक लीगची संघटना आहे, आणि युएफाशी भांडणं हा तिचा जुना उद्योग. 2016 मध्ये युएफाने स्पेन, इंग्लंड, जर्मनी, इटलीच्या पहिल्या चार-चार क्लबांना चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, थेट जागा देऊन टाकल्या. तेव्हाच्या बत्तीस जागांतल्या सोळा तिथेच संपल्या. तेव्हा या लीगवाल्यांनी युएफाबरोबरचा करार मोडला होता. पुढे मांडवली झाली, ती गोष्ट वेगळी.

त्या सोळा जागांचा अर्थ मला कळला तो आयाक्स या डच क्लबमुळे. मे 2019 मध्ये आम्ही पेठेतले काही जण रात्र जागून त्यांचा टॉटनहॅमविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना बघत होतो. माद्रिदमध्ये रेआलला 4-1, तुरिनमध्ये युव्हेंटसला 2-1 हरवून आलेली ती पोरं. मध्यंतराला एकूण 3-0 ने पुढे. मग लुकास मौराने तीन मारले, तिसरा तर 96 व्या मिनिटाला. हरले, ठीक आहे, खेळात होतं. पण ऑगस्टमध्ये बघतो तर हाच संघ, डच विजेता, पात्रता फेरीत ग्रीसच्या पीएओकेशी झगडतोय! आणि स्पेनमध्ये चौथा आलेला व्हॅलेन्सिया घरी बसून सोडतीची वाट बघतोय. पुढे दोघे एकाच गटात पडले आणि डिसेंबरमध्ये आयाक्सला बाहेर काढलं ते व्हॅलेन्सियानेच. मैदानावर जिंकले, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकाने उन्हाळाभर घाम गाळून यायचं आणि दुसऱ्याला आवतण, हा कुठला न्याय?

टॉटनहॅमच्या त्या सामन्याच्याच आठवड्यात या संघटनेने माद्रिदमध्ये क्लबांना बोलावून एक आराखडा हाणून पाडायची मोट बांधली होती. चॅम्पियन्स लीगच्या बत्तीसातल्या 24 क्लबांची जागा पुढच्या वर्षीही पक्की, देशोदेशीच्या लीगमधून येणाऱ्यांना फक्त चार, असा तो आराखडा. तो बारगळला. त्याचा आग्रह धरणारे युव्हेंटसचे तेव्हाचे अध्यक्ष आन्येल्ली 2021 मध्ये कुठे सापडले? सुपर लीगमध्ये. आता सांगा, कोण कुणाच्या पंगतीला?

हे लीगवाले धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये फिफाने सामन्यांचं वेळापत्रक मनमानीने लादलं म्हणून यांनी खेळाडूंच्या संघटनेसोबत युरोपियन आयोगाकडे तक्रार केली. त्या तक्रारीत सामील असलेली स्पेनची ला लीगा वर्षभरातच बार्सिलोनाला लीगचा सामना थेट अमेरिकेत, मायामीत खेळवायला निघाली होती! शेवटी बेत रद्द करावा लागला. टीका करायचीच तर इथे करायची होती. आपल्या लेखात याचा उल्लेखही नाही.

जाता जाता. इथल्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्याला बसायला जागा मिळत नाही, आणि आपल्या पानावर निकाल येतो दोन ओळींत, तोही शिळा. आयपीएलच्या लिलावाला मात्र अर्धं पान. युरोपचं राहू द्या, निदान इथे गोल कुणी मारला त्याचं नाव तरी छापत जा.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर