बाई, त्या दुसऱ्या खुर्चीबद्दल

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही फोन करून रागवाल आणि वर पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढाल. ठाण्याच्या नौपाड्यात तुमच्या हाताखालून गेलेल्यांना चार ओळींतच कळेल कोणाबद्दल चाललंय ते. बाकीच्यांनी नुसतं 'बाई' समजून वाचावं.

योगशिक्षक पदविकेचं प्रमाणपत्र घरी आलं. ह्यांनी ते लगेच फ्रेम करून आणलं आणि गावच्या देवाच्या फोटोखाली लावलं. येणारा-जाणारा विचारतो, हे कौतुकाने सांगत बसतात आणि मी काहीतरी निमित्त काढून आत जाते. तुमच्यासमोर आभार मानायला आले होते, पण तोंड उघडलं की डोळे भरून येतात आणि तुम्ही "आधी पाणी पी" म्हणून विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहिते. बदला विषय.

मला न ओळखणाऱ्यांसाठी थोडक्यात. आम्ही कोपरखैरण्याचे, मूळचे पाटण तालुक्यातले. हे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, म्हणजे गोण्या वाहणारे. मी पोळी-भाजीचे डबे देते. पहाटे ओट्याशी उभं राहिलं की दुपारपर्यंत बसणं नाही. अशी कैक वर्षं गेली आणि पन्नाशी यायच्या आतच दोन्ही गुडघे बोलायला लागले. जिना कठडा धरून आडवं उतरायचं. लोकलमध्ये कोणी उठून जागा दिली की आधी बरं वाटायचं आणि मग मनातून वाईट.

योगाचं डोक्यात कसं आलं त्यात काही विशेष नाही. डॉक्टरांनी सुचवलं, शेजारणीने मागे लागून लागून घराबाहेर काढलं. घराजवळच एक क्लास होता. काचेचा दरवाजा, आत एसी, भिंतभर आरसे, हळू आवाजात बासरी. तीन महिन्यांची फी आधी भरून घेतली. शिकवणारा मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा. खाली मांडी घालता येत नाही म्हटल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काकी, तुम्ही मागे भिंतीला टेकून बघत बसा. बघूनही फायदा होतो." पंगत बघून पोट भरतं का, हे त्याला विचारायचं राहूनच गेलं. फी परत मागायला गेले तर काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या एका ठिकाणी एका गृहस्थांनी मला खालून वर बघितलं आणि सांगितलं, "आधी दहा किलो कमी करून या, मग बघू." म्हणजे दवाखान्यात शिरायचं तर आधी बरं होऊन या, तसलाच प्रकार.

तुमच्याकडे आले ती 'आता हे शेवटचं' असं ठरवूनच. ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या गाडीतून उतरून, पुलावरची गर्दी पार करून, गोखले रोडवरून विचारत विचारत. वर तुमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पोचले तेव्हा वर्ग सुरू झाला होता. सगळे सतरंजीवर बसलेले. मी दारातच थबकले. तुम्ही एकदा माझ्या चेहऱ्याकडे आणि एकदा गुडघ्यांकडे बघितलंत. काही विचारलं नाहीत. कोपऱ्यात लोखंडी घडीच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या, लग्नकार्यात असतात तसल्या, पाठीवर कोणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून पांढऱ्या रंगात नाव लिहिलेल्या. त्यातली एक तुम्ही ओढलीत, उघडलीत, पदराने तिच्यावरची धूळ पुसलीत आणि माझ्यासाठी पहिल्या रांगेत ठेवलीत. मागे नाही, पहिल्या रांगेत.

इथवर कोणीही केलं असतं. म्हणजे कोणीही करायला हवं होतं. पण तुम्ही परत कोपऱ्यात गेलात. दुसरी खुर्ची काढलीत, ती समोर आणून ठेवलीत आणि स्वतः तिच्यावर बसलात. सत्तरी ओलांडलेल्या, तास तास पद्मासनात बसणाऱ्या तुम्ही. आणि वर्गाला इतकंच म्हणालात, "आज बैठकस्थितीतलं सगळं खुर्चीवरून घेऊ. ज्यांना खाली बसून करायचंय त्यांनी खाली बसून करा."

तो अख्खा तास तुम्ही खुर्चीवरून घेतलात. पाठकणा ताठ, पाऊल पूर्ण टेकलेलं, हात मांड्यांवर. पिळाचं आसन घेताना खुर्चीची पाठ कशी धरायची ते आधी स्वतः करून दाखवलंत. माझ्याकडे मुद्दाम एकदाही बघितलं नाहीत, माझं नावही विचारलं नाहीत, 'नवीन आल्यात, त्यांना सांभाळून घ्या' वगैरे भाषण तर नाहीच. सगळ्या हॉलमध्ये खुर्चीवर बसलेल्या दोघीच होतो, त्यातल्या एक शिकवणाऱ्या बाई. मग लाज वाटायची कोणाला आणि कशाची?

गंमत पुढे झाली. पुढच्या वेळी एक पेन्शनर काका गुपचूप कोपऱ्यात जाऊन खुर्ची घेऊन आले. त्यांचा गुडघा माझ्याही आधीपासून दुखत होता म्हणे, पण बोलणार कसं! मग आणखी एक आजी. तुम्ही त्यावरही काही बोलला नाहीत, फक्त खुर्च्या रचून ठेवायचं बंद केलंत. त्या भिंतीशी उघड्याच मांडलेल्या असायच्या.

खुर्ची म्हणजे कोणी केलेली दया नव्हे, हे नंतर तुमच्या पदविकेच्या शिक्षकवर्गात नीट कळलं. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार लहानपणी मलेरिया, टायफॉइड आणि क्षयाने पार खंगलेले होते. १९३७ साली ते शिकवायला पुण्यात आले आणि पुढे लाकडी विटा, पट्टे, लोड, दोर, खुर्च्या हाताशी घेऊन त्यांनी आजारी, वयस्कर, आखडलेल्या माणसांनाही आसनात नेलं. हे तुम्ही शिकवत होतात तेव्हा मला आठवलं की त्या काचेच्या दरवाजाच्या क्लासात भिंतीवर अय्यंगारांचा भलामोठा फोटो होता. आणि अख्ख्या क्लासात एक खुर्ची नव्हती.

हठप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथातली ती ओळही तुम्ही फळ्यावर लिहिली होतीत: 'युवा वृद्धोऽतिवृद्धो वा व्याधितो दुर्बलोऽपि वा.' तरुण, म्हातारा, अगदी जख्ख म्हातारा, आजारी, अशक्त, कोणीही अभ्यासाने सिद्धीला पोचतो. साधारण पंधराव्या शतकातला ग्रंथ. तो लिहिणाऱ्या स्वात्मारामांनी आळस तेवढा चालणार नाही म्हटलंय, वजनाची अट घातलेली नाही. आणि योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी आसनावर खर्च केली ती सूत्रं तीनच, त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. बसणं स्थिर हवं आणि सुखाचं हवं, प्रयत्न सैल सोडल्याने ते साधतं. ज्या लोकांनी मला भिंतीशी बसवलं त्यांनी ही सूत्रं वाचलेली असतील. प्रमाणपत्रं तर त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त टांगलेली आहेत.

तुमच्याकडे गुडघे बरे झाले का, असं सगळे विचारतात. झाले थोडे. उतरताना कठडा अजून लागतो, पण आता सरळ उतरते. झिजलेलं भरून येत नाही, ते तुम्ही पहिल्यापासून सांगितलं होतंत आणि त्यामुळेच माझा तुमच्यावर विश्वास बसला. मला मिळालं ते वेगळंच. शवासनात तुम्ही एकेक अवयव सैल सोडायला सांगायचात: पावलं, पोटऱ्या, पोट, खांदे. 'जबडा' म्हणालात तेव्हा मला कळलं की माझे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले आहेत. पडून आहे, डोळे मिटलेले आहेत, कोणी मागे लागलेलं नाही, आणि मी दात आवळून पडले आहे! दुसऱ्या दिवशी ओट्याशी लक्ष ठेवलं. पोळी लाटताना दात आवळलेले, सगळा भार डाव्या पायावर, उजवा खांदा कानाशी. डब्यांची वेळ गाठायची म्हणून श्वाससुद्धा अर्धाच घेत होते. इतकी वर्षं हे शरीर डब्यांच्या कामाला जुंपलेलं होतं, त्याचं काय चाललंय हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आता लाटता लाटता दात सोडते, भार दोन्ही पायांवर घेते. पोळ्या तितक्याच होतात. घरात माझा आवाज खाली आलाय असं मुलगी म्हणते. कोणी मला योगाचा अर्थ विचारला तर मी सूत्र सांगत नाही, हे सांगते.

शिक्षकवर्गाला नाव घाल म्हणालात तेव्हा मला वाटलं, चेष्टा करताय. घरातूनही एक-दोन आवाज उठलेच, पोळ्या लाटणारी आता योग शिकवणार का म्हणून. शरीररचनेच्या नोट्स मी ओट्यावरच्या फरशीला चिकटवल्या होत्या, अजून त्यांवर तेलाचे डाग आहेत. पाठ घ्यायला उभी राहिले की पूर्वस्थिती, कृती, आसनस्थिती, सोडण्याची कृती, सगळं पाठ असूनही तोंडाला कोरड पडायची. तुम्ही एकच नियम घालून दिलात: दक्षता आधी सांगायची, लाभ नंतर. हे आसन कोणी करू नये ते आधी बोल. बाहेर उलटं असतं. लाभांची यादी फलकावर आणि दक्षता कोणाचा मणका धरला की मग.

माझा परीक्षेचा पाठ होता त्या दिवशी परीक्षक येण्याआधी तुम्ही विद्यार्थ्यांच्या रांगेत येऊन बसलात, वही घेऊन. "मला पर्वतासन नीट जमत नाही, आज शिकून घेते," म्हणालात. सगळे हसले आणि माझे हात कापायचे थांबले.

बाई, चांगुलपणाबद्दल लोक बरंच बोलतात. २१ जूनला, योगदिनाला तर विचारू नका. ऐन पावसात मंडप, मंचावर पाहुणे, पाऊण तास भाषणं आणि फोटो झाले की चटया परत. ते वाईट आहे असं नाही, चार माणसं त्या निमित्ताने हातपाय हलवतात. पण मला फरक दिसायला लागलाय. लोकलमध्ये 'बसा मावशी' म्हणून मोठ्याने जागा देणारे पुष्कळ असतात. पुढचं स्टेशन माझंच आहे असं खोटं बोलून उठणारे आणि मग दाराशी उभं राहून वाशीपर्यंत जाणारे थोडे. या दुसऱ्या प्रकारची माणसं मी आता ओळखू शकते. आमच्या डब्याच्या गिऱ्हाइकांत एक म्हातारे आहेत, महिनाअखेरीला पैसे देताना 'मोजून घ्या हो, मला हल्ली दिसत नाही' म्हणतात आणि दरवेळी पन्नास जास्त असतात. मी परत करते, ते पुढच्या महिन्यात पुन्हा तेच करतात. तुम्ही आणि ते एकमेकांना ओळखत नाही याचं मला वाईट वाटतं.

बरं, आता माझ्या वर्गाचं. आमच्या वसाहतीतल्या समाजमंदिरात रविवारी सकाळी सुरू केलाय, कारण रविवारी मार्केट बंद. आधी बायकाच आल्या. मग ह्यांनी मार्केटात बरोबर काम करणाऱ्या टोळीतल्या दोघांना दमात घेऊन आणलं. आता माथाडी बरेच येतात. १९६९ च्या माथाडी कायद्याने यांना बोर्ड मिळालं, हक्काची मजुरी आणि फंड मिळाला, पण मानेचे मणके कायद्याने वाचत नाहीत. ५० किलोच्या वरची गोणी उचलणार नाही म्हणून मध्ये कांदा-बटाटा मार्केटात काम बंद ठेवावं लागलं होतं, त्यावरून समजा. यांचे खांदे आणि मान म्हणजे दगड. नुसतं 'खांदे खाली सोडा' म्हटलं तर सुटत नाहीत, आधी हाताने दाखवावं लागतं. खुर्च्या गणपती मंडळाकडून मागून घेतल्यात, भिंतीशी मांडून ठेवते.

पण एक अडचण आहे आणि ती तुम्हीच सोडवायची. टोळीतला एक तरणाबांड पोरगा शीर्षासन शिकवा म्हणून हटून बसलाय. मी दक्षता सांगितली. मानेवर आधीच रोजचा भार आहे, तुला ते द्यायचं नाही, तू सध्या फक्त खांद्याचं आणि पाठीचं कर. तर मला म्हणतो, "मावशी, मी दिवसभर डोक्यावर ५० किलो घेऊन पळतो, माझं स्वतःचं वजन ६२. बारा किलोचाच तर फरक आहे!" सगळा वर्ग त्याच्या बाजूने. हेसुद्धा. गणित चुकलंय कुठे ते मला माहीत आहे, पण माझं कोणी ऐकत नाही, कारण मी आधी पोळीवाली मावशी आहे आणि मग बाई. त्याला पुढच्या रविवारी संध्याकाळी तुमच्याकडे घेऊन येते. त्याला चांगलं झाडा, आणि झाडून झालं की त्याची मान एकदा बघा.

तुमची विद्यार्थिनी,
कोपरखैरणे